पोराचं बोलणं पोराचंच

पोरी, शाळेतलं समुपदेशनाचं काम तुझ्याकडं आलंय असं दादा सांगत होता. गणिताचे तास आहेत तेवढेच राहणार आणि हे त्याच्यावर, हेही त्यानं सांगितलं. तरी मनापासून घे. जुनी पोरं कुठं भेटली तर मी शिकवलेल्याबद्दल क्वचित बोलतात, पण ‘बाई, त्या वेळी तुम्ही ऐकून घेतलं’ एवढं आवर्जून सांगतात. प्रशिक्षणात तुला पुष्कळ काही शिकवतील, ते शिकून घे. मी सांगते ते गारगोटीत नोकरी करून आणि गारगोटीतच राहून कळलेलं आहे.

इथं कुणी परकं नाही, ही गोष्ट सगळ्यात आधी ध्यानात धर. शहरातल्या समुपदेशकाला पोराचा बाप पुन्हा भेटेलच असं नाही. तुला तो आठवडी बाजारात भेटणार, लग्नात पंगतीला शेजारी बसणार. पोराची चुलती तुझ्याच भिशीत असणार. ती सहज विचारेल, “आमची पोरगी तुमच्याकडं येऊन बसत्या म्हणं, काय झालंय?” विचारण्यात वाईट काही नसतं, काळजीच असते. आणि गावात गोष्ट फुटते ती बहुतेक अशा काळजीतूनच. चहाड्या करणाऱ्यापासून आपण जपून असतो, मायेच्या माणसापुढं सैल होतो.

म्हणून एक उत्तर पाठ करून ठेव: “माझ्याकडं बरीच पोरं येतात काकी, कोण कशाला आलं ते मी बोलत नाही.” हसून म्हण, पण प्रत्येकाला हेच म्हण, अगदी क्षुल्लक गोष्ट असली तरी. एका पोराबद्दल ‘काही नाही हो, अभ्यासाचं होतं’ म्हणालीस आणि दुसऱ्याबद्दल ‘मी बोलत नाही’ म्हणालीस, की दुसऱ्याचं काहीतरी गंभीर आहे हे तू न सांगताच गावाला कळलं. हे उत्तर घरच्यांनाही लागू आहे. जावईबापूंना, तुझ्या सासूबाईंना आणि उद्या मी विचारलं तर मलाही.

बाजारापेक्षा स्टाफरूम अवघड. तिथं सगळे आपलेच, रोज चहाला एकत्र. वर्गशिक्षक विचारणार, “काय म्हणत होता तो? माझ्याच वर्गातला आहे, मला कळायला नको?” त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पोराशी कसं वागायचं हे त्यांना कळायला हवं. पोराच्या घरी काय चाललंय हे कळायची गरज नसते. तेव्हा कारण सांगू नकोस, काय करायचं तेवढं सांग. ‘महिनाभर त्याला फळ्यापाशी उभं करून विचारू नका.’ ‘वही अपुरी राहिली तर वर्गात बोलू नका, मला कळवा.’ ‘तिला खिडकीजवळची जागा द्या.’ एवढ्यानं भागतं. आणि एवढंही सांगण्याआधी पोराला विचार, “सरांना हे असं सांगू का?” ते नको म्हणालं तर का नको ते विचार. कधी कधी खरा त्रास त्या सरांचाच असतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं दोन्हींना बंदी केलेली आहे. शिक्षकाची तक्रार पोरानं तुझ्यापाशी केली, तर सहकारी म्हणून पांघरूण घालायचं नाही.

मुख्याध्यापकांना महिन्याला आकडा दे: किती पोरं आली आणि साधारण कशासाठी, अभ्यासाची भीती, घरातलं भांडण, मोबाइल, मैत्री. नावं नाहीत. जिथं नाव द्यावंच लागतं ते पुढं सांगते.

आता जागा आणि वेळ. यावर लोक दोन वाक्यांत बोलून पुढं जातात, पण माझ्या मते निम्मं काम इथंच जमतं किंवा बिघडतं. आपली निम्मी पोरं एस.टी.नं येतात. कडगाव, पाटगावकडची पोरं शाळा सुटल्या सुटल्या स्टँडकडं पळतात, कारण गाडी चुकली तर घरी अंधार पडतो आणि घरी ‘का उशीर झाला’ याचं उत्तर द्यावं लागतं. म्हणून ‘शाळा सुटल्यावर भेट’ असं कधी सांगू नकोस. त्यानं एक तर पोर येत नाही, नाही तर आल्याची बातमी घरापर्यंत जाते. मधल्या सुट्टीत डबा खायची दहा मिनिटं त्याला दे आणि मग बोलाव. ऑफ तास, चित्रकलेचा, खेळाचा तास बरा. पण खेळाची आवड असलेल्या पोराचा खेळाचा तास घेऊ नकोस. त्याच्या आठवड्यातलं तेवढंच सुख असेल.

शिपाईमामांच्या हाती एका पोराच्या नावाची चिठ्ठी तासाला पाठवू नकोस. ते पोर उठून जाईपर्यंत सगळा वर्ग त्याच्याकडं बघत असतो, आणि परत आल्यावर शेजारचा विचारतोच. त्यापेक्षा जूनमध्येच प्रत्येक वर्गातल्या सगळ्या पोरांना चार-चार, पाच-पाचच्या गटानं भेटून घे. हुशार, वांड, गप्प, सगळी. वही कशी लिहितोस, डबा कोण करतं, गाडी किती वाजता, एवढंच बोल. मग तुझ्याकडं येणं ही सगळ्यांची गोष्ट होते आणि ऑगस्टमध्ये एखादं एकटं आलं तर कुणाचं लक्ष जात नाही.

खोलीवर ‘समुपदेशन कक्ष’ अशी ठळक पाटी लावायचा आग्रह होईल. कक्ष असू दे, पण त्याचं दार ऑफिससमोर उघडत असेल तर पोरं फिरकणार नाहीत, कारण तिथं फी भरायला आलेले पालक बसलेले असतात. ग्रंथालयाचा कोपरा चांगला. पुस्तक बदलायच्या निमित्तानं कुणीही येऊ शकतं. जागा अशी बघ की जाणाऱ्याला तुम्ही दोघं दिसाल पण ऐकू जाणार नाही. दार लावून, कडी घालून कधी बसू नकोस. त्यात पोराचीही सुरक्षितता आहे आणि तुझीही. टेबलाच्या पलीकडं बसू नकोस, तिथं बसलं की पोराला वाटतं चौकशी सुरू झाली.

आता शब्द देण्याचं बघू. पोर बोलायच्या आधी विचारतं, “मॅडम, कुणाला सांगणार नाही ना? शपथ घ्या.” त्या क्षणी तोंडातून ‘नाही गं, शपथ’ असं निघून जावंसं वाटतं, कारण नाही म्हटलं तर पोर उठून जाईल ही भीती असते. तरी शपथ घेऊ नकोस. ती मोडायची वेळ आली की ते पोर पुढं कुठल्याच मोठ्या माणसाकडं जात नाही. त्याऐवजी पहिल्याच भेटीत, त्यानं तोंड उघडायच्या आधी, शांतपणे सांग: “तू जे सांगशील ते मी कुणापाशी बोलणार नाही. तीन बाबतींत मात्र मला बोलावं लागेल. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर, तुझ्यामुळं दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, आणि कुणी मोठं माणूस किंवा दुसरं कुणीही तुला शरीरानं त्रास देत असेल तर. तेव्हासुद्धा कुणाला, काय आणि किती सांगणार ते आधी तुला सांगीन.” एवढं ऐकून एखादं पोर त्या दिवशी गप्प राहील. राहू दे. जे बोलायचंय ते ठरवून बोलेल, आणि बरीच पोरं दोन-चार दिवसांनी परत येतात, कारण खरं सांगणारं माणूस त्यांना ओळखू येतं.

तिसऱ्या अटीमागं कायदा आहे आणि तो तुला नीट माहीत हवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणं अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी शंका आली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे कलम १९. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर एक वर्षापर्यंत. ‘शाळेची बदनामी होईल, आपापसात मिटवू’ असं कुणी म्हणालं तर हे कलम सांग. ‘पोरीचं लग्न व्हायचंय’ असं घरचे म्हणतील. त्यांची भीती खरी असते, तिला हसू नकोस, पण त्यांना हेही सांग की पीडित मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापायला आणि दाखवायला याच कायद्यानं बंदी आहे. जबाब घेणारा अधिकारी वर्दीत नसावा, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यावा, असं कलम २४ सांगतं. पोरीला पोलीस म्हटलं की ठाण्याची पायरी दिसते; हे आधी समजावलंस की तिचा जीव थोडा खाली येतो. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक दिवसरात्र चालतो, तोही जवळ ठेव.

अशा वेळी तू तपास करायचा नाहीस. कधी, कुठं, किती वेळा असं खोदून विचारायचं नाही. तिनं जे शब्द वापरले तेच तारीख-वेळ घालून लिहून ठेव, आपले शब्द त्यात मिसळू नकोस. आणि एक अवघड बाब आहे. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांचा मर्जीचा संबंध असला तरी हा कायदा वयाकडंच बघतो. पोर प्रेमाचं म्हणून बोलायला येतं आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जायची वेळ येते. म्हणून तर हद्द आधी सांगायची. काय बोलायचं हे ठरवण्याचा हक्क त्या पोराचा आहे, आणि माहिती नसेल तर तो हक्क त्याला वापरता येत नाही.

गुप्तता त्रास सोसणाऱ्यासाठी असते. त्रास देणाऱ्याला ती मिळत नाही.

जिवाच्या धोक्याचं सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणं २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्याहून जास्त. तेव्हा हे दुसरीकडं कुठं तरी घडतं असं समजू नकोस. पोर आवडीची वस्तू वाटून टाकायला लागलं, ‘मी नसले तर सगळे सुटतील’ असं काही बोललं, एकदम गप्प झालं किंवा बऱ्याच दिवसांच्या उदासीनंतर कारण नसताना हलकं दिसलं, तर सरळ विचार: “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्यानं ते डोक्यात भरतं ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं पोराला वाटतं, चला, हे बोलता येण्यासारखं आहे. हो म्हणालं तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, एस.टी.त बसवून तर नाहीच. घरच्यांना बोलाव, समोर बसवून सांग. घरातली फवारणीची औषधं, गोळ्या कुलपात ठेवायला सांग. १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तिथं बसूनच लावून दे. पुढं कोल्हापूरला सी.पी.आर. रुग्णालयात मानसोपचार विभागात न्यायचं. कोल्हापूर पन्नास किलोमीटर आहे, बापाचा एक रोज बुडतो, म्हणून ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ होतं. त्या पुढच्या आठवड्याला मान्यता देऊ नकोस. पोलीस केस होईल या भीतीनं घरचे दडपत असतील तर सांग की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं असा प्रयत्न करणारं माणूस तीव्र ताणाखाली होतं असंच धरायचं आहे, त्याला शिक्षा करायची नाही.

याच कायद्याच्या कलम २३ नं मानसिक आजारी माणसाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय आणि जिवाला धोका असेल तेव्हाची सूटही दिलीय. ते कलम डॉक्टर आणि उपचार करणाऱ्यांना बांधतं. गणिताच्या बाईंवर तसं थेट कलम नाही, म्हणून तुझी हद्द तुलाच पाळावी लागणार.

घरच्यांना किती सांगायचं, यावर पुष्कळ वाद होतील. माझं मत असं: आपलं लेकरू अडचणीत आहे हे कळण्याचा हक्क आईबापाला आहे, लेकरानं उच्चारलेला प्रत्येक शब्द ऐकण्याचा नाही. पोराला विचार, “घरी काय सांगू, काय नको? तू सांगतोस का मी? का दोघं मिळून?” बहुतेक पोरं दोघं मिळून म्हणतात. आपल्याकडं कित्येकांचे बाप मुंबई-पुण्याला, आई शेतात नाही तर बापाबरोबर, आणि पोर आजी-आजोबांकडं. आजीला ‘डिप्रेशन’ सांगून उपयोग नाही. “त्याचं मन लागंना झालंय, झोप नाही, जेवण कमी झालंय” हे तिला तुझ्यापेक्षा आधी दिसलेलं असतं. ती देवऋष्याकडं नेऊन आलेली असेल तर तोंड वाकडं करू नकोस. देवाला जा, आणि बरोबर डॉक्टरलाही दाखवा, असं म्हण. एकदा तिचा विश्वास गेला की पोराला दवाखान्यात न्यायला कुणी उरत नाही.

वही ठेव, पण वहीत नाव लिहू नकोस. तुझी खूण कर, खुणांची यादी वेगळ्या जागी ठेव. वही कुलपात, कुलपाची किल्ली तुझ्याजवळ. मोबाइलवर नोंदी नकोत; तुझा मोबाइल घरात सगळी हाताळतात. आणि फोटो! आजकाल प्रत्येक उपक्रमाचा फोटो वरच्या ग्रुपवर टाकायचा असतो. समुपदेशनाचाही मागतील. सबंध वर्गाला ताणाबद्दल बोलत असशील तेव्हाचा दे. पोर समोर बसलंय, मान खाली आहे, असा फोटो कुणी कितीही मोठ्या अधिकाऱ्यानं मागितला तरी द्यायचा नाही. तक्रारपेटीतल्या चिठ्ठ्या परिपाठात वाचून दाखवायच्या नाहीत, अक्षर ओळखायला पोरांना वेळ लागत नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती तुमच्या शाळेत असेलच, तिच्या बैठकीतही प्रकरणावर बोला, पोरावर नको.

आणि ऐकलेलं सगळं तुझ्या आत साठत जाईल. ते कुणापाशी तरी बोलावं लागतं, नाही तर तूच आजारी पडशील. शेजारच्या मैत्रिणीपाशी नको. कोल्हापुरातल्या एखाद्या जाणत्या मानसोपचारतज्ज्ञाशी ओळख करून घे आणि नाव-गाव काढून टाकून विचारत जा. तू उपचार करणारी नाहीस. ओळखणारी आणि योग्य दारापर्यंत नेणारी आहेस, एवढं धरलंस तर ओझं निम्मं होतं.

तू ज्या गावात हे करतेयस त्या गावाचं या कामाशी जुनं नातं आहे. आजऱ्याच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी १९५२ साली इथं मौनी विद्यापीठ उभं केलं, त्यांच्या पत्नी चित्राताई नाईकही इथं राबल्या. तेच जे. पी. पुढं १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्या आयोगानं मार्गदर्शन आणि समुपदेशन हा शिक्षणाचाच भाग मानला होता. प्रत्येक माध्यमिक शाळेत प्रशिक्षित समुपदेशक हे अंतिम ध्येय, आणि तोवर निदान दहा शाळांमागं एक फिरता समुपदेशक, अशी शिफारस होती. म्हणजे हे कुणी परवा शहरातून आणलेलं खूळ नाही. साठ वर्षं होत आली. त्या दहा शाळांमागचा एकसुद्धा माझ्या नोकरीत मला भेटला नाही, आणि याचा मला राग आहे. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरच्या शाळा-कॉलेज-क्लासेसना निर्देश दिले: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, टेलि-मानससारखे क्रमांक ठळक लावावेत, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. शाळेचा पट शंभरावर असेल तर गणिताच्या बाईंवर हे काम टाकून संस्थेची सुटका होत नाही, हे शाळा व्यवस्थापनाला नम्रपणे पण लेखी कळव. तोवर तू कर.

सोमवारी कामावर गेलीस की आधी मुख्याध्यापकांना भेट आणि तीन गोष्टी मागून घे: कुलपाचं एक कपाट, आठवड्यातले दोन मोकळे तास, आणि पोरांची नावं तुला विचारली जाणार नाहीत असा त्यांच्या सहीचा एक कागद. पहिल्या दोन मिळायला उशीर झाला तरी चालेल. तिसरी मिळाल्याशिवाय एकाही पोराला बोलतं करू नकोस.